पान बिघडते कोठे?

संगणकाच्या पडद्यावर नीटनेटका दिसणारा अर्ज कागदावर उतरला, की त्याच्या शेवटच्या दोन ओळी आणि अर्जदाराच्या सहीची जागा दुसऱ्या पानावर जाऊन पडतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस कागदाच्या अर्ध्या भागात आक्रसून, आडवी होऊन बाहेर येते. शाळेच्या निकालपत्रकातील गुणांचे रकाने एकमेकांच्या हद्दीत शिरतात. आणि कोणीही न लिहिलेले फाइलचे नाव प्रत्येक पानाच्या माथ्यावर येऊन बसते. तहसील कचेरीसमोरच्या टायपिंग सेंटरपासून घरातल्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत सर्वत्र आढळणारी ही तक्रार इतकी नित्याची झाली आहे, की तिला काही कारण असेल आणि ते सामान्य माणसाला शोधता येईल, हा विश्वासच आपण गमावून बसलो आहोत. प्रिंटर लहरी आहे असे म्हणायचे, तोच हुकूम पुन्हा सोडायचा, पुन्हा तेच पान पाहायचे आणि अखेर वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा तेथेच ठेवून दुसऱ्या दुकानाची वाट धरायची, असा शिरस्ताच पडून गेला आहे. वस्तुतः छापील पानावर जे जे अनिष्ट दिसते, ते कोणत्या ना कोणत्या आज्ञेचे तंतोतंत पालन असते. ती आज्ञा आपण जाणून दिलेली नसते, एवढेच. ती कोणत्या ठिकाणी दिली गेली हे शोधून काढणे, हीच पानाची खरी दुरुस्ती होय.

अशा आज्ञा आपल्या नकळत दिल्या जातात, याचे मूळ लेखनसाधनाच्या एका स्थित्यंतरात आहे. टंकलेखन यंत्रावर काम करणाऱ्या कारकुनाला प्रथम कागद रुळावर चढवावा लागे, डाव्याउजव्या समासाच्या खुणा सरकवून मुक्रर कराव्या लागत, आणि त्यानंतरच पहिले अक्षर उमटे. ओळ संपत आली की घंटी वाजे, पान संपत आले की कागदाची कड डोळ्यांसमोर येई, आणि म्हणून अक्षर, ओळ व पान या तिहींचे भान त्याला एकाच वेळी राही. संगणकाने हा क्रम उलटा केला. आता आधी मजकूर लिहिला जातो आणि पान मागाहून ठरते. नोटपॅडसारख्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये तर पान नावाची वस्तूच नसते. अशा एडिटरने जतन केलेली फाइल म्हणजे चिन्हांची एक अखंड मालिका असते: अक्षरे, मोकळ्या जागा, ओळ संपल्याच्या खुणा आणि क्वचित टॅबची खूण. कागद केवढा, समास किती, अक्षराचा घाट कोणता, यांविषयी त्या मालिकेत काहीही नमूद नसते. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटावे, ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७४च्या सुमारास बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी सिद्ध केलेल्या 'ब्राव्हो' या प्रोग्रॅमने प्रथम प्रत्यक्षात आणली, आणि त्याच केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांच्या लेझर प्रिंटरनेही आकार घेतला. तेव्हापासून आपण ते वचन गृहीत धरून चाललो आहोत. परंतु लिहिताना आणि छापताना कागदाचे माप, फॉन्ट व प्रिंटर एकच असतील तरच ते वचन पाळले जाते, ही अट मात्र विस्मरणात गेली.

मजकुरापासून कागदापर्यंतच्या वाटेवर पानाचे स्वरूप चार ठिकाणी ठरते. पहिले ठिकाण फाइल. वर्डची किंवा लिबरऑफिसची फाइल असेल तर कागदाचे माप व समास तिच्यातच नोंदलेले असतात, साधी टेक्स्ट फाइल असेल तर तेथे काहीच नसते. दुसरे ठिकाण ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम, तिसरे ठिकाण संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर, आणि चौथे ठिकाण स्वतः प्रिंटर, ज्याला आपल्या ट्रेमध्ये कोणत्या मापाचा कागद आहे याची स्वतंत्र समजूत करून दिलेली असते. वरच्या ठिकाणी एखादी गोष्ट सांगायची राहून गेली, की खालचे ठिकाण ती आपल्या ठरलेल्या रिवाजाप्रमाणे भरून काढते, आणि हे रिवाज बहुधा दूरदेशीच्या गरजांनुसार ठरलेले असतात. पानाच्या बहुतेक सर्व विकृती या भरून काढण्यातून उद्भवतात.

यांतील सर्वांत मोठा गोंधळ कागदाच्या मापाचा. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण असे ठेवावे, की कागद मधोमध कापला तरी दोन्ही तुकड्यांत तेच प्रमाण कायम राहावे, हा विचार जर्मन पंडित गेऑर्ग लिख्टेनबर्ग याने १७८६ मधल्या एका पत्रात मांडला होता. वाल्टर पोर्स्टमान याने त्यावरून आखलेली मापे १९२२ साली जर्मनीत प्रमाण ठरली आणि १९७५ साली त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अमेरिकेने मात्र आपला साडेआठ इंच रुंद व अकरा इंच लांब असा लेटर कागद सोडला नाही, आणि संगणकावरचे बहुतेक प्रोग्रॅम त्याच देशात जन्मल्यामुळे, कोणी दुसरे काही न सांगितल्यास ते आजही पुष्कळदा लेटर कागद धरून चालतात. लेटर कागद ए४पेक्षा सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर आखूड असतो. हा फरक नजरेला क्षुल्लक वाटतो. परंतु बारा पॉइंटच्या देवनागरी मजकुराची एक ओळ फॉन्टप्रमाणे सुमारे सहा-सात मिलिमीटर उंची घेते, हे लक्षात घेतले म्हणजे अठरा मिलिमीटर म्हणजे दोन-तीन ओळी, आणि दोन-तीन ओळी म्हणजेच 'आपला विश्वासू', त्याखालची सही व तारीख, हा हिशेब आपोआप उलगडतो.

टायपिंग सेंटरवर दिवसातून कितीदा तरी घडणारा प्रसंग असा असतो. फोनवर लिहून व्हॉट्सॲपवरून पाठवलेला शिष्यवृत्तीचा अर्ज दुकानातील मुलगा एका कोऱ्या फाइलमध्ये उतरवतो, छापतो, आणि कागद हाती येताच अर्जदार मुलगी म्हणते, "दादा, सही मागच्या पानावर गेली." "मजकूरच जास्त आहे ताई, दोन ओळी कमी करा," असे उत्तर येते, आणि मिळकतीचा किंवा घरच्या परिस्थितीचा जो तपशील अर्जाचा प्राण असतो, त्यालाच कात्री लागते. त्या कोऱ्या फाइलचे माप लेटर होते, ट्रेमधला कागद ए४ होता, आणि पेज लेआउटमध्ये जाऊन साइझ बदलली असती तर एकही शब्द न गाळता सही पहिल्याच पानावर आली असती, हे त्या दोघांपैकी कोणालाच माहीत नसते. वर्डमध्ये पेज सेटअपच्या चौकटीत ए४ निवडून खालचे 'सेट ॲज डिफॉल्ट' हे बटण एकदा दाबले, की त्या संगणकावर पुढे उघडणारी प्रत्येक कोरी फाइल ए४चीच होते. ज्या दुकानात रोज शेकडो लोकांचे कागद छापले जातात, तेथे हे एवढे केले नसेल तर त्याची किंमत त्या लोकांनाच मोजावी लागते.

मापांच्या या विसंगतीची आणखीही रूपे आहेत. फाइल लेटर मापाची व ट्रेमधला कागद ए४ असला, की काही प्रिंटर मुळीच छापत नाहीत. नुसता दिवा लुकलुकत ठेवून ते लेटर कागदाची वाट पाहत राहतात, आणि यंत्र बिघडले असे समजून मालक दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. न्यायालयांच्या आवारात दीर्घकाळ लीगल मापाचा, म्हणजे चौदा इंच लांबीचा कागद रूढ होता. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२०पासून ए४ कागद, दोन्ही बाजूंना छपाई, चौदा पॉइंटचे अक्षर आणि डाव्याउजव्या बाजूस चार सेंटिमीटर समास असा नियम केला, तेव्हा वर्षानुवर्षे जपून ठेवलेले जुने मसुदे नव्या कागदावर जसेच्या तसे छापू पाहणाऱ्यांना प्रत्येक पान नव्याने जुळवावे लागले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चालणाऱ्या अखंड कागदाची गोष्ट याहून बोलकी आहे. एका इंचात सहा ओळी या हिशेबाने अकरा इंचांच्या पानात ६६ ओळी बसतात व बारा इंचांच्या पानात ७२. कागद बारा इंची असून प्रिंटरला ६६ ओळींचे पान सांगितलेले असेल, तर दुसरे पान छिद्ररेषेच्या एक इंच आधीच सुरू होते, तिसरे दोन इंच आधी, आणि थोड्याच वेळात खातेदारांची नावे बरोबर फाडण्याच्या रेषेवर येऊ लागतात. पानागणिक ठरावीक अंतराने सरकत जाणारा दोष दिसला, की पानाची लांबी चुकली आहे, असा निष्कर्ष निःशंकपणे काढावा.

न लिहिलेला मजकूर पानावर येतो, त्याचा उगम प्रोग्रॅममध्ये असतो. नोटपॅडच्या फाइल मेनूत पेज सेटअप उघडले, तर हेडर नावाच्या चौकटीत & हे चिन्ह व त्यापुढे रोमन लिपीतील एफ हे अक्षर लिहिलेले आढळते; फाइलचे नाव माथ्यावर छापावे, अशी ती आज्ञा असते. फूटरच्या चौकटीतील त्याच चिन्हापुढील पी या अक्षराने पानाचा क्रमांक येतो, डी लिहिल्यास तारीख व टी लिहिल्यास वेळ छापली जाते. या दोन्ही चौकटी रिकाम्या केल्या की पान स्वच्छ निघते. मात्र काही आवृत्त्यांत ही दुरुस्ती टिकत नाही, म्हणून महत्त्वाचा कागद छापण्यापूर्वी चौकटी पुन्हा पाहून घ्याव्यात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या पसंतीच्या नोटपॅड++ मध्ये ओळींचे क्रमांक छापावेत की नाहीत आणि पडद्यावरची काळी पार्श्वभूमी कागदावर उतरवावी की पांढऱ्यावर काळे छापावे, हे पर्याय प्रेफरन्सेसमधल्या प्रिंटच्या भागात असतात. काळ्या पार्श्वभूमीने सबंध पान शाईने माखले, तर तेथे जावे.

ओळींचा आणि रकान्यांचा विस्कोट हा मात्र मजकुराच्या अंतरंगातला दोष असतो. ओळ संपली हे सांगण्यासाठी विंडोज दोन चिन्हे एकापुढे एक लिहिते, एक कॅरेज रिटर्न व दुसरे लाइन फीड, आणि ही दोन्ही नावे टंकमुद्रण यंत्रांच्या दोन हालचालींवरून आली आहेत: छपाईचा भाग डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. युनिक्स व लिनक्स केवळ लाइन फीड लिहितात. अशी फाइल चिन्हांचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या प्रिंटरकडे गेली, की कागद वर सरकतो पण छपाई डावीकडे परतत नाही, आणि प्रत्येक ओळ मागील ओळ जेथे संपली तेथून सुरू होऊन पानावर जिन्याच्या पायऱ्या उमटतात. उलट जुन्या नोटपॅडमध्ये तीच फाइल उघडली, तर सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत सलग दिसे. २०१८ साली विंडोज १० मध्ये ही उणीव दूर झाली. रकाने मोडतात त्याचे कारण याहून साधे आहे. नाव, गुण व शेरा यांच्यामध्ये स्पेसबार दाबून अंतर राखण्याची सवय टंकलेखन यंत्राने लावली, कारण त्या यंत्रावर प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेई. देवनागरी फॉन्टात तसे होऊ शकत नाही. 'र' अरुंद, 'क्ष' रुंद, आणि 'ज्योत्स्ना' व 'रमा' यांच्या पुढे कितीही मोजून मोकळी जागा सोडली, तरी पुढील आकडा एका उभ्या रेषेत येत नाही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टॅब बहुधा आठ अक्षरांच्या अंतरावर थांबतो, पण दुसरा प्रोग्रॅम तो चारच अक्षरांवर थांबवू शकतो. म्हणून रकाने हवे असतील तेथे तक्ताच आखावा. स्पेसबारने साधलेला मेळ छपाईपर्यंत टिकत नाही.

फॉन्टचा प्रश्न मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्या लिपीने संगणकावर येताना दोन युगे पाहिली. श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या किंवा त्याच कुळातील चिन्हांच्या सांकेतिक क्रमांकांनीच साठवलेला असे, आणि त्या क्रमांकांवर देवनागरीचे घाट चढवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की सबंध अर्जाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग छापून येते. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, आणि आता फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. परंतु पान मात्र तेच राहत नाही. प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट, निर्मला किंवा नोटो यांची ओळीची उंची व अक्षरांची रुंदी परस्परांहून भिन्न आहे. घरी एका फॉन्टात चार पाने भरलेला मजकूर दुकानातील संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे दुसऱ्याच फॉन्टात मांडला गेला, की पानांची संख्या बदलते आणि मथळे पानांच्या तळाशी लोंबकळत राहतात. याच क्षेत्रातला दुसरा दोष म्हणजे छाटलेल्या मात्रा. वर्डमध्ये ओळींमधील अंतरासाठी 'एक्झॅक्टली' हा पर्याय निवडून रोमन लिपीला पुरेसा आकडा भरला, तर 'र्की'मधला रफार आणि 'ज्यू'मधला उकार यांना वरखाली जागा उरत नाही व ते अर्धे कापले जातात. तेथे 'सिंगल' किंवा 'मल्टिपल' हा पर्याय निवडला, की लिपीला तिचा पूर्ण श्वास परत मिळतो.

मजकूर, प्रोग्रॅम व फॉन्ट निर्दोष असूनही पान आक्रसलेले, आडवे किंवा उलटे येत असेल, तर ड्रायव्हरकडे वळावे. कोणी तरी कागद वाचवण्यासाठी एका पानावर दोन पाने छापण्याचा पर्याय प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ठेवून दिलेला असतो, आणि ती आज्ञा पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर अंमल गाजवत राहते. छपाईच्या वेळी उघडणाऱ्या चौकटीत केलेला बदल बहुधा त्या वेळेपुरता असतो, तर प्रेफरन्सेसमधील बदल कायमचा, हा भेद ध्यानात ठेवावा. दोन्ही बाजूंच्या छपाईत मागची बाजू उलटी येत असेल, तर पाने लांब कडेवर उलटायची की आखूड कडेवर, हा पर्याय चुकलेला असतो. उभ्या पानाच्या पुस्तकासारख्या बांधणीला लांब कड योग्य. पीडीएफ छापताना 'फिट' हा पर्याय असल्यास लेटर मापाचे पान ए४वर सुमारे ९७ टक्के आकाराने येते. पत्रासाठी हे चालते, पण पत्त्यांची लेबले किंवा ठरावीक चौकटींत भरायचे नमुने असतील तर 'ॲक्च्युअल साइझ'च हवे. समास फार कमी ठेवल्यामुळे कडेची अक्षरे कापली जात असतील, तर प्रिंटरला दोष देऊ नये. बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेचा काही मिलिमीटरांचा पट्टा छापूच शकत नाहीत.

शेवटी कोरे पान उरते. मजकुराअखेर कोरे पान येत असेल किंवा मध्येच पान तुटत असेल, तर अदृश्य खुणांचा संशय घ्यावा. वर्डमधील परिच्छेदचिन्हाचे बटण दाबले, की रिकामे परिच्छेद, हाताने घातलेले पेज ब्रेक व सेक्शन ब्रेक पडद्यावर दिसू लागतात. तक्त्यानंतर वर्ड एक परिच्छेद राखतोच, आणि तक्ता पानाच्या तळाला भिडला असेल तर तो एकटा परिच्छेद नवे पान अडवून बसतो. त्या परिच्छेदाचे अक्षर एक पॉइंट केले, की ते पान नाहीसे होते.

या साऱ्या कारणांतून नेमके कोणते आपल्यापुढे आहे, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. कागदावर छापण्याऐवजी तोच मजकूर पीडीएफमध्ये छापावा. विंडोज १०पासून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा पर्याय प्रिंटरांच्या यादीतच असतो. पीडीएफ उघडून पाहिल्यावर दोष तेथेही दिसला, तर तो फाइलमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. पीडीएफ बिनचूक असून कागद बिघडत असेल, तर तो ड्रायव्हरमध्ये किंवा प्रिंटरमध्ये आहे. एका कागदाचाही व्यय न करता चारांपैकी दोन ठिकाणे अशी बाद होतात. उरलेल्या दोहोंमध्ये एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा, कारण तीन बदल एकदम केले आणि पान सुधारले, तर कशाने सुधारले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तोच शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

परंतु शोध घेण्यापेक्षा दोष होऊच न देणे श्रेयस्कर, आणि त्यासाठी टंकलेखकाचा जुना क्रम आपण पुन्हा अंगीकारला पाहिजे. कोरी फाइल उघडताच प्रथम कागदाचे माप, मग समास, मग युनिकोड फॉन्ट ठरवावा आणि त्यानंतर पहिला शब्द लिहावा. काम संपल्यावर दुकानात मूळ फाइल न पाठवता फॉन्टसह बांधलेली पीडीएफ पाठवावी, म्हणजे मजकूर कोठे मोडायचा हा निर्णय दुसऱ्या कोणाच्या संगणकावर सोपवला जात नाही. टायपिंग सेंटर चालवणाऱ्यांनी आपल्या प्रत्येक संगणकावर ए४ कायम करून ठेवणे आणि दर सकाळी ड्रायव्हरच्या प्रेफरन्सेस एकदा पाहून घेणे, हे ग्राहकाप्रति त्यांचे कर्तव्य आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, वारसनोंदीची विनंती, सभेची नोटीस हे कागद माणसाच्या हक्कांचे वाहक असतात. त्यांच्यात काय लिहावे व किती लिहावे, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे आहे, आणि यंत्राच्या पोटात कोणी तरी ठेवून दिलेल्या मापासाठी त्यातला एक शब्दही गाळण्याची पाळी त्याच्यावर येता कामा नये.